उजवा म्हणताना डावा

शिट्टीबाईंचं खरं नाव शाळेच्या मस्टरवर होतं आणि तिथेच ते पडून होतं. मुलं, मुलांचे आईबाप, शिपाई, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, सगळ्यांच्या तोंडी शिट्टीबाईच. गळ्यात निळ्या गोफात ओवलेली शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चाल अशी की समोरून येणाऱ्याने आपोआप बाजूला व्हावं. प्राथमिक शाळेत खेळ शिकवायचा म्हणजे काय, पोरांना चेंडू द्यायचा आणि आपण सावलीत बसायचं, असं समजणाऱ्या माणसांना त्या उभं करत नसत. त्यांची कवायत खरोखरच बघण्यासारखी असे. सगळी शाळा मैदानात, आणि एक हात मागेपुढे होईल तर शपथ.

या कवायतीतली एक खुबी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. बाई मुलांकडे तोंड करून उभ्या राहत. आता "उजवा हात वर" म्हणून बाईंनी स्वतःचा उजवा वर केला, तर समोरची चिल्लीपिल्ली बाईंच्या बाजूचा, म्हणजे आपला डावा, वर करणार. म्हणून शिकवणाऱ्याने आरसा व्हायचं. तोंडाने "उजवा" म्हणायचं आणि आपला डावा उचलायचा. नव्या शिक्षकांची यात भंबेरी उडते. बाईंचीही पहिल्या वर्षी उडाली होती. आता वीस-बावीस वर्षांनी अशी अवस्था होती की "उजवा" हा शब्द तोंडातून निघाला की त्यांचं डावं अंग आपसूक हलायचं. मधे विचार करायला जागाच उरली नव्हती.

घरी याची भरपूर चेष्टा चाले. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून लावून त्याचा स्वभाव मोठा सबुरीचा झालेला. स्कूटरवर मागे बसून बाई म्हणायच्या, "अहो, उजवीकडे घ्या," आणि खांद्यावरून डावा हात पुढे काढायच्या. संसाराच्या सुरुवातीला ते दोघं कुठल्या कुठल्या गल्ल्यांत जाऊन आले. मग नवऱ्याने नियमच करून टाकला. पाहुणे आले की तो सांगायचा, "हिचा हात नुसता बघून घ्यायचा आणि तोंड जिकडे सांगेल तिकडे वळायचं. घर तिकडेच असतं." बाईही हसायच्या. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती ती, तोपर्यंत.

त्या वर्षी शाळेत एक खोकं आलं. खोक्यात रंगीत चिकटपट्टी, मणी, दोरे, वाळू भरलेल्या छोट्या पिशव्या, एक स्टॉपवॉच आणि एक पुस्तिका. मुलांच्या हातापायांचा ताळमेळ कसा आहे, ते तपासायची चाचणी. रेषेवरून टाचेला बोटं लावत चालायचं, एक पाय उचलून उभं राहायचं, पिशवी झेलायची, मणी ओवायचे, उजवा हात आणि डावा पाय एकदम हलवायचा, असे प्रकार. ज्या मुलांना अगदीच कमी गुण पडतील त्यांना पुढच्या सत्रापासून सराव वर्गात पाठवायचं. हा सराव वर्ग दुसऱ्या शाळेत होता, शहराच्या पार पलीकडच्या टोकाला. म्हणजे मूल या शाळेतून उठायचं आणि तिकडे जायचं.

चाचणी घ्यायची कुणी, हा प्रश्नच नव्हता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खोकं सरळ शिट्टीबाईंच्या टेबलावर ठेवलं. वर म्हणाल्या, "तुमचं काम बघून बाकीच्या शाळांच्या शिक्षकांना शिकवायलाही तुम्हालाच पाठवावं म्हणते मी. चित्रकलेच्या सरांना सांगू, थोडं शूटिंग करून ठेवा." झालं. शिट्टीबाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी पुस्तिका दोनदा वाचली, खुणा केल्या, हॉलमध्ये फरशीवर पट्टी चिकटवली आणि जमिनीवर आडवं पडून ती सरळ आहे की नाही ते पाहिलं.

पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की चाचणी घेणाऱ्याने मुलाच्या शेजारी, तोंड एकाच दिशेला करून उभं राहावं. कृती एकदा करून दाखवावी. मग समोर जाऊन मूल काय करतं ते पाहावं आणि गुण द्यावेत. बाईंनी हे अगदी अक्षरशः पाळलं. शेजारी उभ्या राहिल्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उजवा पाय वर!" आणि आपला डावा पाय उचलला.

त्यांना ते कळलं नाही. कळणार कसं? पाय काय विचारून उचलला होता?

निकाल वाईट लागू लागले. जी मुलं नुसतं ऐकून करणारी होती ती सुटली. जी बघून करणारी होती त्यांनी बाईंसारखा डावा उचलला, आणि समोर येऊन उभ्या राहिलेल्या बाईंनी त्यांचा पाय बरोबर ओळखून गुण कापले. समोरच्याचा उजवा-डावा ओळखण्यात त्या कधीच चुकत नसत. शिक्षकखोलीत त्या चहा पिता पिता सांगायच्या, "आजकालच्या पोरांना स्वतःचे पाय माहीत नाहीत हो. दिवसभर मोबाईल! अंगठा तेवढा चालतो, बाकी सगळं गाठोडं." सगळे माना डोलवायचे. मोबाईलला शिव्या दिल्या की आपल्याकडे शिक्षकखोलीत कुणाचंही दुमत नसतं.

दुसरीतली एक मुलगी होती. डोळे एवढे गोल आणि काळे की वर्गाने तिचं नाव बटण ठेवलं होतं. बोलायला कमी, बघायला जास्त. सगळा वर्ग भिंतीशी बसून बघत असताना बटण रेषेवर येऊन उभी राहिली. बाई शेजारी उभ्या राहिल्या, "उजवा पाय वर" म्हणाल्या आणि डावा उचलून दाखवला. बटणने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, परत तोंडाकडे पाहिलं. बाई समोर गेल्या. बटणने उजवा पाय थोडा उचलला, खाली ठेवला, डावा थोडा उचलला, पुन्हा उजव्याकडे वळली, आणि तोल जाऊन बसली. हातापायाच्या खेळातही तेच. हात अधांतरी, पाय अधांतरी, आणि नजर बाईंच्या तोंडावर.

"अगं, कर ना," बाई म्हणाल्या. "एवढं सोपं आहे."

बटणने काही केलं नाही. तिला शाळेत सगळ्यांत कमी गुण पडले.

दुसरीच्या बाई, तिच्या वर्गशिक्षिका, जरा घुटमळल्या. "दोरीवरच्या उड्या तर छान मारते ती. हातात दोरी आली की थांबत नाही."

"उड्या वेगळ्या, चाचणी वेगळी," शिट्टीबाई म्हणाल्या. ज्याच्या हातात स्टॉपवॉच असतं त्याला हे असं बोलता येतं.

बटणच्या आईला शाळेत बोलावलं. ती एका लाँड्रीत इस्त्री करायची. कामावरून तशीच आली होती. कपाळावर केस चिकटलेले, आणि अंगाला गरम कापडाचा वास. शिट्टीबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग मऊ आवाजात, ज्या आवाजाचा त्यांना मनातून थोडा अभिमान होता, समजावून सांगितलं. घाबरण्यासारखं काही नाही. मेंदू सांगतो एक आणि पाय करतात दुसरं, असं काही मुलांचं असतं. सराव वर्गात गेली की सुधारेल.

"पण ती शाळा केवढी लांब आहे, बाई. मी कामाला कधी जाणार आणि हिला सोडणार कधी?"

"मुलीच्या भल्यासाठी थोडं करावं लागतं, ताई." आणि मग पुस्तिकेत होता म्हणून त्यांनी प्रश्न विचारला. "घरी पडते का? वस्तू हातातून सुटतात? भांडी फोडते?"

आईने खूप आठवून पाहिलं. काहीतरी सापडलंच पाहिजे, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "एकदा काचेचा ग्लास फुटला होता," ती हळूच म्हणाली. "मी रागावले होते तिला. मला काय माहीत, तिचा दोष नव्हता ते."

बाईंनी तो ग्लास टिपून घेतला.

दोन-तीन आठवड्यांनी चित्रकलेच्या सरांचं शूटिंग तयार झालं. शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीच्या भिंतीवर ते दाखवायचं ठरलं. खिडक्यांना कागद लावले, बिस्किटांचा पुडा फोडला, मोठ्या बाई पहिल्या खुर्चीवर बसल्या आणि शिट्टीबाईंना मानाने शेजारी बसवलं. भिंतीवर शिट्टीबाई आल्या. आवाज काय, उभं राहणं काय, कुणीही म्हणावं की बाई असावी तर अशी. भिंतीवरच्या बाई म्हणाल्या, "उजवा पाय वर," आणि त्यांनी पाय उचलला.

खुर्चीवरच्या बाईंच्या हातात अर्धं बिस्किट होतं. ते तसंच राहिलं. आपण कुठला पाय उचलला, ते त्यांना प्रथमच बाहेरून दिसलं. पहिल्यांदा वाटलं, सरांनी चित्र उलटं दाखवलंय. पण मागच्या फळ्यावरची अक्षरं सुलटी होती. मग बटण आली. ती भिंतीवर केवढी मोठी दिसत होती! तिची नजर तोंडावर गेली, पायावर गेली, परत तोंडावर आली. कॅमेऱ्यात ते इतकं लख्ख दिसत होतं की आंधळ्यालाही कळावं. मुलगी अडखळत नव्हती. बाई दोन गोष्टी सांगत होत्या आणि त्यातली खरी कुठली, ते ती शोधत होती.

शेजारी उभं राहून आरसा होता येत नाही. एवढी साधी गोष्ट.

बटण तोल जाऊन बसली तेव्हा खोलीत कुणीतरी "अगं बाई, बिचारी" म्हणून हसलं. मोठ्या बाईंनी शिट्टीबाईंच्या हातावर थोपटलं. "किती शांतपणे घेता हो तुम्ही. हे बघून बाकीचे शिकतील." टाळ्या पडल्या. एकालाही काही दिसलं नव्हतं. सगळेजण मुलीचे पाय बघत होते.  शिट्टीबाई हसल्या. बिस्किट तोंडात टाकलं आणि "सरांचीच कमाल" असं काहीतरी म्हणाल्या. ते हसू त्यांना नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, कारण वर्षानुवर्षांची सवय. मग बाईंचं तोंड बघून थांबला.

"म्हणजे पोरीचा काहीच दोष नाही?"

"नाही."

"आणि तिला त्या लांबच्या शाळेत घालणार?"

"यादी अजून जायची आहे. शनिवारी जाणार."

तो थोडा वेळ चष्मा पुसत राहिला. "आमच्याकडे एखाद्याला चुकीचा नंबर दिला गेला तर आम्ही परत बोलावतो. 'तुम्हाला दिसत नाही, तुम्ही आंधळे आहात' असं सांगून बसत नाही." त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण बाईंना ते चाबकासारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. दार लावून घेतलं, मान खाली घालून सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"कुणाला कळलंय का?"

"नाही."

"मग उगाच आपल्या हातांनी दवंडी कशाला पिटायची? सगळी शाळा पुन्हा तपासायची म्हणजे किती बोभाटा होईल! त्या एका मुलीची गुपचूप परत घ्या. चांगले गुण पडले की नाव काढून टाकू. विषय संपला."

शिट्टीबाईंना हायसं वाटलं. खरं सांगायचं तर फार हायसं वाटलं. आणि बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्या हायसं वाटण्याचीच त्यांना इतकी शरम वाटली की समोरून नमस्कार करत गेलेल्या शिपायाला त्यांनी उलट नमस्कारही केला नाही.

तरी त्यांनी सांगितलं तसंच केलं. मधल्या सुट्टीनंतर बटणला एकटीला हॉलमध्ये बोलावलं. घोटाळा नको म्हणून स्वतःच्या उजव्या बुटावर खडूने रेघ ओढली. "चल, आपण एक खेळ खेळू." शेजारी उभ्या राहिल्या, खडूवर डोळा ठेवून "उजवा पाय वर" म्हणाल्या आणि खरोखरच उजवा उचलला. समोर गेल्या आणि वाट बघत राहिल्या.

बटण हलेना.

"कर ना, बाळ."

"बुटाला खडू लागलाय तुमच्या," बटण म्हणाली.

"लागू दे. तू पाय उचल."

बटणने फ्रॉकची कड मुठीत धरली. "बाई, बोलता ते करू की करता ते?"

 बाई खाली उकिडव्या बसल्या. "आता दोन्ही एकच आहे, बाळ. तेव्हा... तेव्हा तुला कळलं होतं?"

बटणने मान हलवली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही बाई आहात ना," बटण म्हणाली.  मग पुढे, "आई म्हणते माझ्या डोक्याचं आणि पायांचं भांडण झालंय. पहिलं नव्हतं झालेलं. आता झालंय. मला आता उड्यापण नाही येत."

ती काही केल्या पाय उचलायला तयार झाली नाही. बाईंनी गोड बोलून पाहिलं, स्वतः लंगडी घालून दाखवली, हात धरून पाहिलं. हात धरल्यावर तर ती आणखीच आखडली. चाचणी खोटी होती तेव्हा मुलगी धडधाकट होती. आता चाचणी खरी होती आणि मुलगी खरोखरच डगमगत होती. हे आपण केलं, आपल्या या दोन हातांनी आणि या मऊ आवाजाने केलं, हे शिट्टीबाईंना त्या हॉलमध्ये कळलं. एरवी रडणाऱ्या पोरांना त्या "पडलं की उठायचं" म्हणून धपाटा घालायच्या. आज त्यांनाच उठता येईना.

संध्याकाळी त्या लाँड्रीत गेल्या. आत वाफ कोंडलेली. बटणची आई एका पांढऱ्या शर्टाची कॉलर दाबत होती. बाईंना बघून तिने घाईघाईने इस्त्री उभी केली आणि पदराने तोंड पुसलं. तिला वाटलं, पोरगी पडली.

"पडली नाही," बाई म्हणाल्या. "ताई, तुमच्या मुलीत काही खोट नाही. चूक माझी झाली." आणि त्यांनी सांगितलं. उजवा म्हणताना डावा कसा उचलतात, कवायतीत तसं का करतात, शेजारी उभं राहून ते कसं चुकतं, सगळं सांगितलं. निम्म्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण माफी कमी आणि कारणं जास्त सांगतोय. त्या गप्प झाल्या.

 आईने शर्ट ओढून आपल्यापुढे सरळ केला.

"तुम्ही सांगितल्यापासून मी तिला पाण्याचा पेला उचलू दिला नाही," ती म्हणाली. "जिना एकटीला उतरू देत नाही. दोरी कपाटावर टाकलीय. हाताने भरवते तिला, एवढी घोडी झाली तरी. माझी पोरगी आता उंबऱ्याशी येऊन उभी राहते, बाई, आणि मला हाक मारते. उंबरा ओलांडायला."

"मी... "

"माझ्यापुढे मान खाली घालून काय उपयोग? इथे कोण आहे ऐकायला?" तिचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "वर्गात तिला डुगडुग म्हणतात. कुणी ठेवलं हे नाव, माहीत नाही. पण तुम्ही तिला पडताना बघितलंत ते सगळ्यांनी बघितलं, ती पडली नव्हती हे कुणीच बघितलं नाही. सांगायचं असेल तर तिथे सांगा."

ती पुन्हा कॉलर दाबायला लागली. बाई उभ्या राहिल्या, मग निघाल्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी शिट्टीबाईंनी मोठ्या बाईंना सांगितलं की सगळ्या मुलांची चाचणी परत होईल, गुण दुसरीच्या बाई देतील, आणि शूटिंग कुठेही जाणार नाही. मोठ्या बाई भडकल्या. "शाळेची अब्रू चव्हाट्यावर मांडायची हौस आलीय का तुम्हाला? आणि तिकडे शिकवायला मग मी कुणाला पाठवू?" कुणालाही पाठवा, असं शिट्टीबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठे जायचं नव्हतं.

शुक्रवारी दुसरीचा वर्ग हॉलमध्ये जमला. मुलं भिंतीला पाठ लावून ओळीने बसली. यादी जायला एकच दिवस उरला होता आणि बटणने सकाळीच दुसरीच्या बाईंना सांगून टाकलं होतं की मला जमत नाही, मी बसून राहते. दाराशी तिची आई उभी होती. शिट्टीबाईंचा निरोप मिळाल्यावर तासाभराची रजा घेऊन आली होती. शिट्टीबाई पट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. शिट्टी वाजवावी लागली नाही.

"मागच्या वेळी या चाचणीत माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मी उजवा म्हणत होते आणि डावा दाखवत होते. म्हणून पुष्कळ जण चुकले. बटण चुकली नव्हती. ती विचारात पडली होती, कारण तिला एकटीला माझी चूक दिसली होती."

 एका मुलाने विचारलं, "बाई, तुम्हाला उजवा-डावा कळत नाही?" आणि सगळी खिदळली. मुलंच ती, त्यांना आनंद झाला होता. बाई तिथेच उभ्या राहिल्या. हसू ओसरेपर्यंत उभ्या राहिल्या. दाराशी बटणची आई हसत नव्हती. बटणही हसत नव्हती. ती गोल डोळ्यांनी बाईंकडे टक लावून बघत होती.

"बटण, येतेस? मी तुझ्या शेजारी उभी राहते," बाई म्हणाल्या. "तू नुसती उभी राहा."

काय मनात आलं कुणास ठाऊक, बटण उठली. पट्टीवर येऊन उभी राहिली. दुसरीच्या बाई समोर स्टॉपवॉच घेऊन थांबल्या. शिट्टीबाई शेजारी, तोंड एकाच दिशेला. सगळा वर्ग बघत होता, दाराशी ती आई बघत होती, आणि बाईंना स्वतःचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटला.

"उजवा पाय वर."

आणि त्यांचा डावा पाय वर गेला.

शंभर वेळा घरी घोकलं होतं. आरशासमोर नको म्हणून भिंतीसमोर उभं राहून केलं होतं. तरी गेला. हवेत गेल्यावर त्यांना ते कळलं. आता पुन्हा, या सगळ्यांसमोर. पाय खाली घ्यावा तर कळणार, ठेवावा तर कळणार.

बटणने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पायाकडे पाहिलं. मग जराही न अडखळता, सावकाश, तिने आपलाही डावा पाय उचलला.

"चुकली! डुगडुग चुकली!" भिंतीकडून ओरडा झाला.

शिट्टीबाई वाकल्या. "अगं, तुला माहीत होतं ना, कुठला ते?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हो," बटण तितक्याच हळू म्हणाली. "पण ते परत तुम्हाला हसले असते."

एका पायावर उभ्या असलेल्या त्या बाईला क्षणभर काही दिसेनासं झालं. ही सात वर्षांची पोर. हिला आपण सगळ्या वर्गासमोर तोल जाऊन बसताना पाहिलं, गुण कापले, हिच्या आईकडून एक फुटका ग्लास वसूल केला. आणि त्या दिवशी शिक्षकखोलीत भिंतीवरच्या हिला कुणी हसलं तेव्हा आपण बिस्किट खाल्लं.

"गप्प बसा!" त्या वर्गावर ओरडल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. "ती नाही चुकली. मी चुकले. आत्ता, परत, मीच चुकले. डावा उचलला मी. बघा नीट माझ्या पायाकडे. ती मला सांभाळून घेत होती."

या वेळी कुणी हसलं नाही. लहान मुलांना मोठी माणसं रडताना बघायची सवय नसते.

बटणने वर पाहिलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, हे तिला पटलं असावं. तिने डावा पाय खाली टेकवला आणि उजवा उचलला. हात दोन्ही बाजूंना पसरले. दुसरीच्या बाईंनी स्टॉपवॉच दाबलं. मुलगी उभी राहिली, तशीच उभी राहिली, आणि दाराशी तिच्या आईने दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून घेतलं.

शिट्टीबाईंनीही पाय बदलला होता. त्यांचा पाय आधी खाली आला.